डावा पाय आणि तिसरा गिअर

बाबा,

माझा डावा पाय मेला आहे. साखरेने. डॉक्टर म्हणतात, पायाला जपा; जणू मी तो वरातीत नाचवणार होतो. माझं पोट त्या पायावर चालतं, हे त्यांना कोणी सांगावं? आपल्या बालाघाटच्या मोटारसायकलींच्या गॅरेजात गिअरचं दुखणं तुम्ही कधी हाताने शोधलंच नाही. चप्पल काढायची, गाडी चालू करायची आणि उघड्या तळव्याने एकेक गिअर टाकत जायचं. मी पहिल्यांदा पाना उचलला तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "ठेव खाली. आधी पायाले इचार. इंजन उघडाले अक्कल लागत नाही, न उघडाले लागते." त्या दिवशी मी रुसून जेवलो नव्हतो.

गेल्या आठवड्यात वारासिवनीचे एक मास्तर आले. दुसऱ्यावरून तिसरा गिअर कधी पडतो, कधी पडत नाही. मी गाडीवर बसतो, पाय देतो आणि पाय कुठे आहे ते वाकून बघतो. तळवा काही सांगेना, तेव्हा तोंडानेच सांगून टाकलं की आतले दाते झिजले, इंजिन उघडावं लागेल. उघडलं. दाते माझ्या दातांपेक्षा धड. दुखणं बाहेरच होतं. पायाखालचा लिव्हर त्याच्या दांड्यावर सैल झाला होता. पाय दिला की लिव्हर हलायचा, दांडा मात्र जागचा हलायचा नाही. ती पोकळ हालचाल तुम्हाला झोपेत कळली असती. मास्तर उघड्या इंजिनाकडे बघत म्हणाले, "तुमच्या बाबुजीनं नसतं उघडलं, भाऊ." मी कोणाचं ऐकून घेणारा नाही, हे तुम्ही जाणता. ऐकून घेतलं आणि लिव्हर बदलला.

बायको म्हणते, पंक्चरचं दुकान टाका, तिथं पाय लागत नाही. नाहीतर गिअर हातानं दाबून पाहा. पाहिलं. सगळ्या गाड्या हाताला सारख्याच लागतात. हाताला तुम्ही काही शिकवलंच नव्हतं, बाबा. आता कोणाकडे शिकू? या वयात, गिऱ्हाइकांसमोर?

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. आज दुपारी उकव्याच्या खाणीतला एक माणूस तुमचं नाव विचारत आला. त्याची गाडी उभी करून मी तिसरा टाकला. त्यानं विचारलं, "पडला का बराबर?"

मी म्हटलं, "हौ."

मले काहीच समजलं नोतं.