अर्जदाराचं पूर्ण नाव

बाबा, तुमचं नाव मी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाहिलं ते एका घाणेरड्या वेबसाइटवर, माझं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध. तुम्ही गेलात त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, मी तिशीची होते, एका दवाखान्यात नर्स होते. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, त्यानं मला कळू न देता मोबाइलवर माझं नको ते चित्रण करून ठेवलं होतं. मी लग्न मोडलं आणि त्यानं ते त्या साइटला देऊन टाकलं, खाली माझं पूर्ण नाव घालून. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे बाप आलाच. बघणारे वाढतील तशी साइटवाल्यांची जाहिरातींची कमाई वाढत होती, बाजूलाच साड्यांची जाहिरात होती. आईला वाचता येत नाही. मी सांगितलं तेव्हा ती भात वेळत होती. तिनं भाताचा गंज खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुह्या बाबाचं नाव आहे का त्याच्यात?" मी नाही म्हणाले.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी माझा अर्ज अर्धा वाचून परत सरकवला. "मॅडम, लडके को हम बुलाके समझा देते. वेबसाइट वगैरा छोडो. कागज होगा तो नाम आपकाच होगा. घर जाओ." आवाज चढलेला नव्हता, उलट काळजीचाच होता. मी उठले. खरंच उठले, पर्स खांद्याला लावली. हे बोलणं मी आधी ऐकलं होतं, तुमच्या तोंडून.

दहावीची परीक्षा झाली आहे. अर्जुनी मोरगावच्या तहसील कचेरीसमोर तुमच्या टेबलापाशी बसून मी कागदांमध्ये कार्बन लावते आहे. तुम्ही टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून देता, सातबाऱ्याचे, पेन्शनचे, आणि निराधार बाई असली तर हात जोडून पैसे परत करता. तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवरून एक बाई आली आहे. तिथल्या पुडे मोजणाऱ्या मुन्शीनं तिला झोपडीत ओढलं होतं, आणि तिला त्याच्यावर कागद करायचा आहे. तुम्ही मशीनला लावलेला कोरा कागद काढून घेता. "कायले कागद करतेस माय? त्याचं काही होत नाही, तुहंच नाव गावभर होते. घरी जाय." ती पदर सारखा करून उठते. "काऊन नाही लिवला, बाबा?" मी विचारते. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "तू कार्बन लाव," म्हणता. मी लावला.

त्या ठाण्याच्या दारात मला तुमचा फार राग आला. तुम्ही वाईट नव्हता. तिला वाचवतो आहोत असंच तुम्हाला वाटलं असणार, आणि साहेबांनाही तसंच वाटत होतं. पण मुन्शी दुसऱ्या दिवशी फळीवर हजर असणारच ना? मी मागे फिरले. तिथल्याच बाकावर अर्ज नव्यानं लिहिला, तुम्ही शिकवला तसा, घडलं ते आधी, मागणी शेवटी, पाल्हाळ नाही. विरुद्ध पक्षात पहिला तो, दुसरे वेबसाइट चालवणारे. अर्जदाराच्या जागी तुमच्यासकट पूर्ण नाव लिहिलं आणि पोच हातात पडेपर्यंत हलले नाही.

साइटवाले दुसऱ्या राज्यात सापडले. चित्रण काढा म्हणून मी त्यांना चारदा लिहिलं होतं, त्यांनी ते काढलं तर नाहीच, पहिल्या पानावर आणलं. कोर्टात त्यांचा वकील म्हणाला, आमची नुसती भिंत आहे, पोस्टर कोण लावून जातं आम्हाला काय ठाऊक. माझ्या वकीलबाई शांतपणे उठल्या. "साहेब, भिंतीचं भाडं मात्र हेच घेतात." चोराच्या उलट्या बोंबा किती तारखा ऐकल्या, सांगत नाही. प्रत्येक तारखेला आईला ड्यूटी आहे म्हणून सांगून निघायची. शेवटी चित्रण काढायचा हुकूम झाला. ते पान आता उघडत नाही. मालकांवरचा खटला अजून चालू आहे आणि येत्या सोमवारी माझी साक्ष आहे. साक्षीच्या वेळी कोर्टाचं दार बंद ठेवतील, पण त्यांचा वकील आत असेलच. तो काय काय विचारेल त्याची आम्ही उजळणी केली. दोनदा मधेच थांबून मी परत पहिल्यापासून सांगितलं.

उजळणी संपल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "तुमचे बाबा असते तर आज पाठीशी उभे राह्यले असते." मी मान डोलावली. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिता तरी येतं. तुम्ही असता तर त्या दिवशी ठाण्याच्या दारातून मी मागे फिरले नसते, बाबा. घरीच गेले असते.