खोली सहा, अकरा वाजता

बुधवार, १
मोठ्या मॅडमनी आज मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. याला म्हणतात विश्वास. आमच्या फिजिओथेरपी विभागाचा तक्ता असा: डावीकडे खोल्या, वर वेळा, चौकटीत पेशंटचं नाव. पेशंट विचारतो मात्र उलटं. 'माझी खोली कुठली, किती वाजता?' मग काउंटरवरच्या ताई अख्खा तक्ता डोळ्यांखालून घालणार आणि रांग दारापर्यंत जाणार. मॅडम म्हणाल्या, काहीतरी करा. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत देतो. गुरुवार म्हणणार होतो, पण माणसात विनय हवा.

गुरुवार, २
खोलीवरून नाव काढणं पोरखेळ. नावावरून खोली काढायला डोकं लागतं. ते आहे.
फॉर्म्युला एका व्हिडिओतून घेतला. म्हणजे प्रेरणा घेतली.
संध्याकाळी: एरर. ऑफिसचं एक्सेल फारच जुनं.

शुक्रवार, ३
पुन्हा एरर. मॅडमना सोमवार सांगितला. घाईत केलेलं काम मला पटत नाही.

सोमवार, ६
कंस द्यायचा राहिला होता. एक्सेल तसं बरं आहे.
चाललं! नाव टाकलं की खोली आणि वेळ हजर. दहा नावं तपासली, दहाही बरोबर. ताईंनी विचारलं, एकच पेशंट तक्त्यात दोनदा असला तर? लोकांना शंका काढायला काय जातं! म्हटलं, ताई, कॉम्प्युटरला कळतं सगळं.
बुधवारपासून सगळ्यांना सकाळी मेसेज जाणार, थेट फॉर्म्युल्यातून.

मंगळवार, ७
सासरे आले. खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरा महिना. उद्या व्यायाम आणि मग हाडांच्या डॉक्टरांची तपासणी. वॉकर सोडायचा की नाही ते डॉक्टर ठरवणार, आणि ते फक्त बुधवारी येतात. ही म्हणाली, मी येते बाबांबरोबर. म्हटलं, काही गरज नाही, सिस्टिम आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी सासरे लोकांना सांगतात, 'जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करतो.' उद्या कळेल काय करतो ते.

बुधवार, ८, सकाळी ७
मेसेज गेले. सासऱ्यांना: खोली सहा, अकरा वाजता. चुटकीसरशी!

दुपारी २
सासरे तक्त्यात दोनदा होते. खोली दोनमध्ये नऊ वाजता व्यायाम, खोली चारमध्ये दहा वाजता डॉक्टर. फॉर्म्युल्याने दोन आणि चारची बेरीज केली. सहा. तक्त्यातली पहिली वेळ (नऊ) अधिक दुसरी वेळ (दहा), म्हणजे तिसरी वेळ. अकरा. गणित अगदी अचूक आहे, हे मॅडमच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी पाणी मागवलं.
खोली सहामध्ये अकराला गरोदर बायकांचा व्यायामवर्ग असतो.

रात्री जेवताना सासऱ्यांनीच सगळं सांगितलं. बाई फार प्रेमाने शिकवतात म्हणे. दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, घेतला. शेजारणीने विचारलं, कितवा? ते म्हणाले, दुसरा. ऑपरेशनपासून. सगळ्या हसल्या, तेही हसले. मग हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, वॉकर आज सुटेल असं वाटलं होतं. डॉक्टर तोवर निघून गेले होते.
हिने मला पोळी वाढली नाही. मीही मागितली नाही.

गुरुवार, ९
ही कालपासून बोलत नाही. मी फॉर्म्युला सुधारला. आता दोनदा आलेलं नाव दिसलं की तो काहीच दाखवत नाही. सावध झालाय, चांगलं लक्षण आहे. मॅडमनी मेसेज बंद करायला सांगितले. तात्पुरतेच असणार.

सोमवार, १३
माझी काउंटरवर बदली, ताईंच्या शेजारच्या खुर्चीत. पेशंटने नाव सांगायचं, मी छापील तक्त्यात बघून खोली आणि वेळ सांगायची. हिला (बोलू लागली आहे) सांगितलं, सर्च विभाग सांभाळतो.

बुधवार, १५
आज एकशे अकरा जणांना उत्तरं दिली. एकही चूक नाही. माणसांशी थेट संपर्क आल्याने माझा अनुभव वाढतो आहे.
साडेआठला सासरे आले. मी उभा राहून स्वतः सांगितलं, आधी खोली दोन, नऊ वाजता, मग खोली चार, दहा वाजता. 'बरं,' म्हणाले. कागदावर लिहूनही दिलं. घडी करून खिशात ठेवला.
मग वॉकर सरकवत एक पाऊल बाजूला गेले आणि ताईंना विचारलं, 'ताई, माझी खोली कुठली हो?'