चार, एक, उणे तीन

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची. कोचकोरहून वर येणारी गाडी वाटेत दोनदा रुसली. दुसऱ्यांदा सगळ्यांनी उतरून ढकलली आणि नवी नवरी म्हणून मला कुणी सूट दिली नाही. मजा आली. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेत. एर्मेक रशियात सुर्गुतला गोदामातल्या कामावर परत गेला आणि मी तोकमोकचं माहेर सोडून त्याच्या आईकडे राहायला आले.

त्यांना आपा म्हणायचं, हे त्यांनी फाटकातच सांगून टाकलं. मी माहेरून तळून आणलेले बोरसोक, पिठाचे गोळे, हातात घेऊन त्यांनी विचारलं, पोरी, हे खायचे की फाटक उघडं राहावं म्हणून खाली लावायचे? आणि मग सहा खाल्ले. घर म्हणजे एकच मोठी खोली. उजवीकडे चूल, मधे फळ्यांच्या जमिनीवर लोकरीचा गालिचा, शिर्दाक, अंथरलेला, डावीकडे खिडकी आणि खिडकीशी आपांची गादी. तिथून रस्ता, मेंढ्या आणि कुणाकडे कोण आलं ते सगळं दिसतं. मला हे घर आवडलं.

५ ऑक्टोबर

दुकानात उलकान एजे भेटल्या, इथे थोरल्या बाईला एजे म्हणतात. पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या, आता साखर आणि बॅटऱ्या विकतात. त्यांच्या फळीवर वह्यांची चळत आहे आणि प्रत्येक वहीवर एकेका घराचं नाव. गावातले निम्मे पुरुष रशियात. तिथे वसतिगृहात फोनवर ते ठोकळ्यांचा खेळ खेळतात आणि त्यात आपलं इथलं घर बांधून बसतात. त्या खेळात एकाने बांधलेलं दुसऱ्याला पाठवायची सोय नाही. म्हणून इथल्या बायका घर मोजून आकडे लिहितात, पानाचा फोटो धाडतात आणि तिकडे माणूस एकेक ठोकळा हाताने रचतो. मी हसले. एजे म्हणाल्या, हस, तुझ्या नवऱ्याचा निरोप येईलच.

आलाच.

८ ऑक्टोबर

आपांनी आणि मी मिळून घर लिहिलं. रीत सोपी आहे. उंबऱ्यावर उभं राहायचं आणि एक ढांग म्हणजे एक ठोकळा धरायचा. पहिला आकडा आत किती, दुसरा वर किती, तिसरा बाजूला किती. उजवीकडचे साधे, डावीकडचे उणे, जमिनीखालचेही उणे. चूल दोन, एक, तीन. आपा ढांगा टाकताना मोठ्याने मोजत होत्या आणि मधेच एक ढांग जास्तीची मोजत होत्या, घर मोठं दिसावं म्हणून. मी पकडलं तर म्हणाल्या, तिकडे बघायला कोण येतंय मेलं!

एजेंनी पान तपासून दिलं. भिंती लिही, चूल लिही, जर्दाळूचं झाड लिही, म्हणाल्या, पण जीव लिहू नकोस. का, असं विचारलं तर म्हणाल्या, जिवंत माणसाचं माप घेत नाहीत गं. घेतात ते एकदाच. मी मान हलवली.

१३ ऑक्टोबर

एर्मेकचा फोन आला. घर झालं, पण रिकामं वाटतं, म्हणाला. त्या खेळात माणसाची बाहुली करून बसवता येते. आई कुठे बसते तेवढं लिहून पाठव, एवढं एकच मागतोय. मी एजेंचं सांगितलं तर म्हणाला, ती म्हातारी शिंक आली तरी दार लावून घेते.

आपा ऐकत होत्या. म्हणाल्या, लिही गं, पोरगा मागतोय. मी काही झिजत नाही.

लिहिलं. आपा: चार, एक, उणे तीन.

१५ ऑक्टोबर

आपा आज खिडकीपासून उठल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्यात म्हणाल्या. मी पाय चोळून दिले.

१८ ऑक्टोबर

अजून तिथेच. कोचकोरहून डॉक्टर आणला. त्याने तळपायाला सुई टोचली, आपांना कळलंही नाही. वय झालं, म्हणाला. दोघींनी मिळून उचलून पाहिलं, मी आणि शेजारीण. सत्तर वर्षांची वाळकी बाई, पण घराचा खांब उचलायला जावं तसं झालं. आपा रडत नाहीत, कुरकुरत नाहीत. काही वाटतच नाही गं, एवढंच म्हणतात. मलाही काही वाटत नाही. चहा करते, पाजते, भांडी धुते.

२० ऑक्टोबर

एजेंना पान दाखवलं. शेवटची ओळ वाचून त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. पूर्वी एका घरी घोडा लिहिला होता म्हणे. वसंतात सगळी जनावरं कुरणावर गेली, तो दाराशीच उभा राहून मेला. तिकडे ती बाहुली फोडायला सांग, म्हणाल्या.

एर्मेक आधी हसला. मग म्हणाला, मला धरून अकरा जणांनी त्या पानावरून घर बांधलंय. सगळ्यांना माझ्याच आईचं घर हवं असतं, कारण खिडकीत आई असलेलं तेवढंच आहे. कामावरून आले की तिच्यापुढे बसून राहतात.

मी म्हटलं, अकराही बाहुल्या फोडायच्या.

२४ ऑक्टोबर

सात फोडल्या. चार राहिल्या. एक जण म्हणतो, माझी आई गेल्या वर्षी गेली, ही तरी राहू दे.

आपांच्या नखांत माती आहे. मी काल स्वच्छ धुतली होती. भर दुपारी, खिडकीतून ऊन अंगावर येत असताना म्हणाल्या, पोरी, दिवा लाव. मी लावला. अजून लाव म्हणाल्या.

२६ ऑक्टोबर

सकाळी निरोप आला: अकराव्याने फोडली. मी विहिरीवरून बादली घेऊन धावत आले, आता पाय हलतील म्हणून.

गादी रिकामी. बसल्याचा खळगा तसाच. चपला दाराशी. बाहेर रात्री पडलेल्या बर्फावर माझ्याशिवाय कुणाच्या पावलांचं चिन्ह नाही.

गावभर शोधलं. कोणी म्हणालं बहिणीकडे गेल्या असतील. अनवाणी?

२७ ऑक्टोबर

चूल पेटवत होते. खालून हाक आली, पोरी, अशी. खालून. शिर्दाकखालून.

एजे आल्या. कान लावला. मग एकच विचारलं, पान आणखी कुठे गेलंय? एर्मेककडून कळलं, नोवोसिबिर्स्कला. बाराव्याला. एर्मेकचा मामेभाऊ सागिन तिथे इमारतीवर काम करतो. त्याच्याकडे खेळ दुसरा, त्यात उंची दुसऱ्या जागी नाही, शेवटी लिहितात. बाजू आधी, उंची शेवटी.

आम्ही उंबऱ्यावरून मोजलं. चार आत. एक उजवीकडे. आणि उणे तीन.

खिडकीतल्या अकरा मीच फोडायला लावल्या. त्या अकरांनी आपांना वर धरून ठेवलं होतं. हे मला एजेंनी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं. मग मी भांडी घासली.

२८ ऑक्टोबर

आमच्या फळ्यांना पहार लागत नाही. कुऱ्हाडीने ओरखडाही नाही. गावातले चार बापे आले, घाम गाळून गेले. तिकडे फुटल्याशिवाय इकडे फुटणार नाही, असं एजे म्हणतात.

एर्मेकने सागिनला विचारलं. तो म्हणतो, माझ्या घरात आई नाहीच. आकडे टाकले, बाहुली दिसली नाही, पान चुकलं असेल म्हणून सोडून दिलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत खणून बघतो म्हणाला. मी तीनदा सांगितलं, तीन खोल. तीन.

आपांचा आवाज बारीक झालाय. थंडी वाजते का विचारलं. काहीच नाही वाजत, म्हणाल्या.

एर्मेकचा विश्वास नाही. तू झोप घे, म्हणतो. आई मावशीकडे असेल, म्हणतो.

२९ ऑक्टोबर, दुपार

फळी गेली. माझ्यासमोर. आवाज नाही, धूळ नाही — होती आणि नाही. मग शेजारची. मग खालची माती, चौकोनी, सुरीने कापल्यासारखी. सागिन खणतोय. दोन ढांगा रुंद — त्या खेळात आपल्याच पायाखालचं खणत नाहीत, म्हणून शेजारचंही.

दोन ढांगा खोल. थांबला.

तीन सांगितलं होतं. एर्मेकचा फोन लागत नाही. सुट्टी संपली असेल सागिनची —

मी हाका मारल्या. आपांनी ओ दिली नाही. आधी देत होत्या.

एजे माणसं आणायला गेल्या. उतरू नकोस म्हणाल्या. पण उरलीय ती साधी माती. फावडं बसतंय. मी बघितलं.

उतरले. वही खिशात. पेन्सिल —

नंतर

हात सापडला. आपांचा हात. मातीतून कोपरापर्यंत मोकळा केलाय. गार. पण बोटांनी माझं बोट धरलंय. धरलंय! मी रडतेय. किती दिवसांनी काही वाटलं —

खांदा. केस. तोंडावरची माती काढली. पोरी म्हणाल्या. वर जा म्हणाल्या. मी म्हटलं दोघी जाऊ.

फोन वाजला. एर्मेकचा निरोप — सागिनशी बोललो, खाली काही नाही, त्याने पाहिलं. खड्डा बरा दिसत नाही, आईच्या घरात असा नको, म्हणून जमीन परत नीट करतोय. तू काळजी करू नकोस.

मी इथे आहे, असा निरोप लिहिला. जात नाही. परत लिहिलं. जात नाही. इथे खाली —

मी सागिनला दिसत नाही. माझे आकडे कुणी लिहिलेच नाहीत.

उजेड अर्धा झाला. एक फळी बसली. ओरडले. एजेंची पावलं अजून —

आपांनी हात सोडला. मला वर ढकलतायत. जोर नाही त्यांच्यात. मी सोडणार नाही, मी त्यांना —

एक ढांगेएवढा उजेड राहिला आहे, त्यात चुलीचा कोपरा दिस