‘जी’ची तुटकी शेपटी

गुरुग्राम,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा,

मृणालचा नमस्कार, तुम्हा दोघांना. आईला गुडघ्याचं तेल पोचलं का? इथे नेहमीचंच. हवा खराब, घसा बसलेला, सुरुचीच्या शाळेला पुन्हा सुट्टी. नऊ वर्षांची झाली तुमची नात, मराठीत भांडते आणि हिंदीत रडते. मी ठीक आहे. दमलेय, पण त्यात नवीन काही नाही.

आठ महिने झाले, तुम्ही फोनवर येत नाही. आई म्हणते, बागेत आहेत. कुंड्या चारच आहेत, बाबा. म्हणून पत्र. पत्र आलं की तुम्ही चष्मा पुसून ते आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवता, तेव्हा हे तिलाही आहे असं समजा.

मुद्द्यावर येते. म्हणजे यायचा प्रयत्न करते.

चार वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एक इंग्रजी फॉन्ट केला. टोकांना बारीक पाय असलेला, पुस्तकी थाटाचा. उभी अक्षरं झाली, तिरपी राहिली, ती माझ्याकडे आली. तिरपं अक्षर म्हणजे उभं अक्षर ढकलून वाकवलेलं नव्हे, त्याचं वळणच वेगळं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण मुदत आठ दिवसांची, आणि माझा ‘ए’ बसमध्ये उभ्याने डुलकी काढणाऱ्या माणसासारखा दिसत होता. मग मी ट्रंकेतून तुमचे कागद काढले. बक्षीस समारंभाची सर्टिफिकेटं लिहिण्याआधी तुम्ही कट निबने मुलांची नावं गिरवायचात, ते सरावाचे कागद. लग्न होऊन इकडे येताना मी ते तुम्हाला न विचारता आणले होते. ते स्कॅन केले आणि त्यावरून अक्षरं काढली. बरीचशी तशीच्या तशी.

आता ती सगळीकडे आहेत. अत्तराच्या खोक्यावर, लग्नपत्रिकांवर, महागड्या हॉटेलच्या मेनूवर. मेट्रोतून उतरले की समोर नव्या टॉवरच्या होर्डिंगवर तुमचा ‘आर’ पाय लांब करून बसलेला असतो. मी खाली बघत चालते.

आणि ‘जी’. छोट्या ‘जी’ची शेपटी वळून वर येताना तुमची निब जराशी उचलली जायची, तिथे केसाएवढी जागा कोरी राहायची. मी ती तशीच ठेवली. लोकांना नेमकी तीच आवडली. मार्चमध्ये एका मासिकाने विचारलं, ही तुटकी शेपटी कशी सुचली? मी म्हणाले, अक्षराला श्वास हवा होता. खाली माझा फोटो, माझं नाव. आईने तो अंक कौतुकाने तुमच्या हातात दिला.

त्या दिवशी तुम्ही फोन केलात आणि एवढंच म्हणालात, “श्वास नाही गं. बोट नाही.” आणि ठेवलात.

आता पुढचं ऐका. पानिपतचा एक चादरीवाला हा फॉन्ट वापरतो. त्याचं लेबल विणलेलं असतं, आणि धाग्यात ती कोरी जागा उसवल्यासारखी दिसते. गिऱ्हाइकं चादरी परत करतात. आमचा बॉस पुष्कर म्हणाला, नव्या आवृत्तीत शेपटी जोडून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे. खरंच अर्ध्या तासाचं आहे. तीन आठवडे मी ती फाइल उघडतेय आणि बंद करतेय.

बुधवारी शेवटी त्याला सांगून टाकलं, की हे अक्षर माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. वाटलं, गेली नोकरी. तर तो म्हणाला, “यार मृणाल, मग त्यांना विचार ना. आणि नाव त्यांचं घालू.” इतकं सोपं होतं, आणि मी चार वर्षं होर्डिंगला तोंड चुकवत फिरले.

तर विचारते. शेपटी जोडू की तुटकीच ठेवू? तीस तारखेपर्यंत सांगा. तुम्ही म्हणाल तसंच होईल.

पण नुसतं नाव घालून माझं भागत नाही. इतकी पानं मी ज्यासाठी टाळतेय ते अजून राहिलंच आहे.

मी सात वर्षांची होते. शाळेच्या ड्रॉइंगच्या खोलीत तुम्ही सर्टिफिकेटांचे कागद, कागद कापायच्या मोठ्या कटरच्या पात्याखाली सरळ करत होतात. मूठ ओढू नकोस, असं दोनदा बजावलं होतंत. मी ओढली. तुम्ही हात रुमालात गुंडाळलात, आधी माझ्या फ्रॉकवरचं रक्त पुसलंत, आणि हेडमास्तरांना, डॉक्टरांना, आईला सांगितलंत, माझाच हात चुकला. तेहतीस वर्षं आई तुम्हाला वेंधळे म्हणते आणि तुम्ही ऐकून घेता. मीही तिथे बसून हसलेय.

माझी चूक तुम्ही आपल्या नावावर घेतलीत. तुमचं अक्षर मी माझ्या नावावर केलं. मला लाज वाटते, बाबा.

इथे पोचलात की तुम्ही घसा खाकराल, ‘बाकी सगळं ठीक आहे म्हणते’ असं आईला सांगाल आणि पान घडी कराल. मी ओळखते तुम्हाला. तसं करू नका. वरचा मजकूर पुन्हा वाचा, तिला नीट ऐकू जाईल असा.

कटरची मूठ ओढणारी,
तुमची मृणाल