कमानीवर नसलेला बर्फ

प्रिय इंद्रजित,

रजा असून तू गावी आला नाहीस. तुझ्या दाजींच्या नावाच्या कमानीचं परवा उद्घाटन झालं. वडूजहून आणलेल्या फ्लेक्सवर यांचा फोटो तळहाताएवढा आणि सोसायटीच्या चेअरमनचा म्हशीएवढा. यांच्या हातात मशीनगन चिकटवलेली, मागे आगीचे लोळ. बर्फ मात्र नावालाही नाही.

यांनी शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या, असं चेअरमननी माईकवरून ठोकून दिलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. शिसारी आली रे मला. हिमस्खलनात गेलेला जवान या लोकांना कमी पडतो! शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बर्फानं न्हेलं म्हनून सांगाया कसली लाज वाटती ह्यास्नी?" त्यावर, तू त्या दिवशी यांच्याबरोबर गस्तीवर होतास ते धरून, चुलतदीर गुंडा दात काढत मला म्हणाला, "वैनी, तुमच्या भावानंच वरडून बर्फ पाडला म्हनं!"

मग मी उठले आणि माईक हिसकावून घेतला. तू फोनवर रडत समजावलं होतंस, तेच सांगितलं. बर्फ थरांनी साचतो. खालचा एखादा थर थंडीत साखरेसारखा सुटा होतो, एकमेकाला धरतच नाही. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा आणखी आणून लादतो. उभ्या उतारावर हे ओझं कसंबसं तगून असतं. कधी नव्या बर्फाच्या भारानं, कधी उन्हानं, कधी एका माणसाच्या वजनानं खालचा थर बसतो आणि अख्खा उतार तुटून निघतो. ओरडण्यानं तो पडत नाही, ते सिनेमातलं खूळ आहे. माझा भाऊ ओरडला तो भेग दिसली म्हणून, यांना सावध करायला. एवढं बोलले तोवर कुणीतरी माईक बंद केला आणि बँजो सुरू केला. जेवणावळ मात्र दणक्यात झाली. ताटावर बसलेली ती तोंडं बघवेनात, मी घरी निघून आले.

एक गोष्ट मी तिथं सांगितली नाही. गस्तीच्या ओळीत पुढं तू होतास, आणि तो थर तुझ्याच पायाखाली बसला. असल्या लोकांची ते कळण्याची लायकी नाही. पण मला ठाऊक आहे, आणि तू त्यासाठीच तोंड चुकवतोस हेही ठाऊक आहे. अरे, तू पुढं नसतास तर हे पुढं असते, आणि थर यांच्या पायाखाली बसला असता. त्या उताराला पाय कुणाचा ते कुठं कळत होतं? माझा तुझ्यावर राग नाही, हे लिहायलाच बसले होते. भाऊबीजेला ये. नाही आलास, तर त्या दिवशी माझी दोन्ही माणसं गेली, असं धरून चालेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
संयोगिताअक्का