राणीची पाठवणी

प्रिय शिवांगी,

फोनवर तीनदा विचारलंस, माझी खोली लावली का, पलंग खिडकीपाशी घेतला का, बाबा शुक्रवारी मला न्यायला कधी निघणार. मी नुसतं हूं हूं केलं आणि भाजीवाला आला म्हणून फोन ठेवून दिला. चिडली असशील. पहिलटकरीण पोरगी माहेराकडं डोळे लावून बसलीय आणि आई अशी तुटक बोलते, म्हणजे काय! पण काय करू गं, तुझ्याशी बोलायला लागले की खोलीच्या दारात कुणीतरी ऐकत उभं आहे असं वाटतं. म्हणून लिहून राहिले. गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून.

तुझ्या बाबांचा नोटांचा नाद तुला काय सांगायचा. लोक रिटायर झाले की शेतात बोअर पाडतात, यांनी झारच्या रशियाच्या नोटा जमवल्या! लहानपणी नायगावला रशियन पुस्तकांची गाडी यायची म्हणे, तेव्हापासूनचं हे वेड. पाहुणा आला की अल्बम निघालाच, मग त्या बिचाऱ्याचा चहा थंड. या जुलैत हैदराबादच्या प्रदर्शनातून ती शंभर रुबलची आणली, चांगली वीतभर लांब, कॅथरिन राणीचं चित्र असलेली. तिचा एक भाग कोरा आहे. उजेडात धरलं की त्या कोऱ्या कागदात राणीचा दुसरा चेहरा दिसायचा, पाण्यातून वर आल्यासारखा. रशियात लोक त्या नोटेला लाडानं कातेंका म्हणायचे, आपण पोरीला छकुली म्हणतो तसं. बाबाही कातेंका कातेंका करायला लागले. मी म्हणायची, बरी सवत आणलीत घरात! हसायचो दोघं.

मग महालक्ष्म्या आल्या. आरतीचं सून म्हणून पहिलं वर्ष, उत्साह काय सांगू! देवीपुढं पैसे-दागिने मांडतात, तर हिनं ती नोटच ताटात घेतली. घरात राणी आहे तर तिलाही आणू म्हणाली. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली, मी रीतीनं विचारलं कोण आली, आणि ही म्हणाली राणी आली. मला हसू आलं. मी म्हटलं, या बाई, माहेर समजून राहा. चांगल्या मनानं म्हटलं गं. राणीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओळीत बसवलं. दुसऱ्या दिवशी ऐन नैवेद्याला बाबांनी ते कुंकू बघितलं अन् असे भडकले की बस्स. नोटेला डाग म्हणजे नोट मातीत, अक्कल हाय का न्हाई तुम्हाला! पानावरून उचलली आणि अल्बममध्ये कोंबली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही महालक्ष्म्यांवर अक्षता टाकल्या, पुढच्या वर्षी या म्हटलं. तिसरीला, राणीला, कुणी जा म्हटलंच नाही. पाहुणी म्हणून बोलावलेली, जेवणावरून उठवलेली, आणि पाठवणी न झालेली.

पुसलेली पावलं दसऱ्यापर्यंत रोज सकाळी फिकट उमटत होती. सगळी तुझ्या खोलीकडं जाणारी, परत येणारं एकही नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतंय, आणि तुझ्या खोलीत पाय ठेवला की माघातल्या पहाटेसारखं गार. आरती न सांगता एक ताट जास्तीचं वाढायची. विचारलं तर गोंधळून बघायची, म्हणायची, शिवांगीताई जेवायच्यात ना अजून? मी घाबरून तिला देगलूरला माहेरी धाडलं. मग एका दुपारी अल्बम काढून नोट खिडकीशी धरली. छापलेली राणी जागच्या जागी, पण कोरा भाग कोराच. आतला चेहरा गेलेला. बाबांना दाखवलं. एरवी कोपरा दुमडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, नुसतं असेल म्हणाला आणि पेपर वाचत बसला.

पाठवणी करून बघितली. तुझ्या खोलीत पाट मांडला, खणानारळानं ओटी भरली, अक्षता टाकल्या. म्हटलं, बाई, झालं गेलं विसर, आता आपल्या घरी जा. आणि म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली. घर कुठलं हिचं? आपल्या लेकी सासरी जातात. हिचं राज्य बुडालं, नोटा काढणारी बँक बुडाली, नोटेवर लिहिलेला शब्द पाळणारं कुणी उरलं नाही. जायचं म्हटलं तरी जाईल कुठं? सकाळी बघते तर खण घडी घालून तुझ्या उशीवर, आणि तुझ्या बाळासाठी मी शिवलेली कुंची पलंगाच्या मधोमध पसरलेली. ओटी तिनं घेतली होती. माहेरवाशिणीसारखी.

आता खरं सांगते, कशासाठी लिहितेय. परवा बाबांना म्हटलं, शुक्रवारी शिवांगीला आणायला निघायचंय. ते म्हणाले, आणायचं कुणाला? ती तर आलीच आहे, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा. मी रडले, भांडले. पण काल दुपारी, शिवांगी, मीच त्या पलंगावर बसून कुणाच्या तरी केसांना तेल लावत होते. केस बर्फासारखे गार. जपून वाक, पोटाला सांभाळ, असं सांगत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं! तेवढ्यात तुझा फोन आला. मोबाईलवर तुझं नाव बघून मनात आलं, ही कोण? आज सकाळी लातूरला तुझ्याकडं यायला पिशवी भरली, दुपारी बघते तर माझ्याच हातांनी सगळं परत कपाटात लावलेलं. म्हणून आत्ता, मला तू आठवतेस तोवर लिहून टाकलं. शेजारच्या बसम्माकाकू संध्याकाळी लातूरला निघाल्यात, त्यांच्या हाती देते. तू इकडं येऊ नकोस. बाबा न्यायला आले तरी गाडीत बसू नकोस. बाळंतपण तिकडंच होऊ दे. तुझ्या हरिओमरावांना पाठव मला आणायला. त्यांना सांग, मी दारात ओळख दाखवणार नाही कदाचित. म्हणेन, माझी शिवांगी आत झोपलीय, तिला अशा दिवसांत एकटी टाकून कशी येऊ? कितीही रडले तरी ऐकायचं नाही, म्हणावं. हाताला धरून ओढून न्यायचं.

तुझीच,
आई