तिसरं गाणं तुझं

धाकटे,

चहा थर्मासमध्ये आहे. मी कॅसेट कंपनीत जाते आहे. माझी जुनी भजनं नव्याने गाऊन द्या, म्हणतात. आहेत तशीच काढा, असं सांगणार आहे. तिसरं भजन मला जमणारच नाही. तेव्हाही माझा घसा बसला म्हणून ते तूच गायलीस, आणि नाव छापलं माझं. त्याच भजनाचं कौतुक झालं की मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा. तू कधी चकार शब्द काढला नाहीस.

त्या भजनावर तुझं नाव छापा, असं कंपनीला सकाळीच फोनवर सांगितलं. दिवा लावेपर्यंतचं माझं रोजचं मौनव्रत त्यापायी मोडलं. तरी तुझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही.

देवापुढचा दिवा आज तूच लाव. माझा हात धजत नाही.

तुझी मोठी जाऊ